वाटी डोळ्यांनी कळते की हातांनी?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत आपल्याला जग कळतं कसं यावर जो मोठा लेख आला होता तो मी दोनदा वाचला, एकदा सकाळी चहाबरोबर आणि एकदा दुपारी पेन्सिल हातात घेऊन. लेख चांगला आहे. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान, शब्द ही प्रमाणं, म्हणजे ज्ञान होण्याचे मार्ग, सोपी करून सांगितलीत, चार्वाक प्रत्यक्षाशिवाय काहीच मानत नव्हते तेही आलंय, लॉक आणि लाइबनिझ हे युरोपातले तत्त्वज्ञसुद्धा आलेत. पण शेवटी हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट दिली आणि त्यावरून म्हटलंय की हातांनी चाचपडून नुसते तुकडे मिळतात, अख्खं ज्ञान डोळ्यांनीच होतं. हे वाक्य मला आठवडाभर टोचतंय. मी २६ वर्षं अंध मुलांच्या निवासी शाळेत शिकवलं, रिटायर होऊन आता पाच वर्षं झाली, आणि तिथे मी जे बघितलं ते या वाक्याच्या बरोबर उलट आहे. म्हणून लिहितेय. पत्र लांबेल, सांभाळून घ्या.

आधी त्या गोष्टीचंच बोलते. ती पाली बौद्ध वाङ्मयातली जुनी गोष्ट आहे. श्रावस्तीचा राजा गावातले सगळे जन्मांध लोक गोळा करायला लावतो आणि त्यांना हत्ती दाखवा म्हणतो, आणि दाखवतात कसा तर एका गटाला फक्त डोकं, दुसऱ्याला फक्त कान, तिसऱ्याला सुळा, कुणाला पाय, कुणाला शेपटीचा झुपका. मग डोकंवाले म्हणतात हत्ती घागरीसारखा, कानवाले म्हणतात सुपासारखा, पायवाले म्हणतात खांबासारखा, आणि गुद्दागुद्दी सुरू. बुद्धांनी ही गोष्ट सांगितली ती आमचंच खरं म्हणून भांडणाऱ्या पंथांबद्दल, अंध माणसांबद्दल नाही. आणि मला दर वेळी वाटतं की यात त्या बिचाऱ्यांचं काय चुकलं, त्यांना हत्तीभोवती फिरूच कुठे दिलं? डोळस माणसाला दाराच्या फटीतून नुसता कान दाखवा, तोही सूपच म्हणेल.

आमच्याकडे बेंदराला गावातले एक शेतकरी दरवर्षी बैलजोडी शाळेच्या अंगणात आणायचे. मुलांनी शिंगापासून शेपटीपर्यंत हात फिरवायचा, घाई नाही, एकेकाला हवा तेवढा वेळ. वशिंड, गळ्याखालची लोंबती पोळी, गुडघे, खूर, नाकातली वेसण, सगळं. एका मुलीने पोटावर हात ठेवून विचारलं की बाई, हे आतबाहेर होतंय ते श्वास का, आणि मी इतकी वर्षं बैल बघतेय पण बैलाचा श्वास माझ्या कधी लक्षातच आला नव्हता. दुसऱ्या दिवशी चिकणमाती दिली तर त्या मुलांनी केलेल्या बैलांना वशिंड बरोबर जागेवर होतं. माझ्या स्वतःच्या डोळस भाच्याने काढलेल्या चित्रात ते मानेवर नव्हतं, पाठीच्या मधोमध होतं. तेव्हा हाताचं ज्ञान अर्धवट असं मला कुणी सांगू नये.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी पत्र लिहायला बसले. आमच्या शाळेत एक मुलगा होता, नाव लिहीत नाही. दोन्ही डोळ्यांत जन्मतः मोतीबिंदू. आई-वडील ऊसतोडीला जायचे, मूल आंधळंच जन्मलं म्हणून कुणी पुढे काही केलं नाही. सहाव्या वर्षी आमच्याकडे आला, ब्रेल भराभर शिकला, टेलर फ्रेमवर, म्हणजे अंध मुलांच्या गणिताच्या पाटीवर, गणितं माझ्यापेक्षा फास्ट करायचा. अकराव्या वर्षी एका कॅम्पमध्ये डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले ऑपरेशन होऊ शकतं. शहरातल्या एका हॉस्पिटलमध्ये झालंसुद्धा, लेन्स बसवली, फुकट झालं, ऑपरेशन उत्तम झालं, याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पट्टी काढली तेव्हा त्याची आई समोर उभी होती. तिला वाटलं होतं बघताक्षणी मिठी मारेल. तो खिडकीकडे बघत राहिला कारण तिथे उजेड जास्त होता. ती काही बोललीच नाही, तोंडाला पदर लावून नुसती उभी, आणि तो तिच्यावरून नजर फिरवून पुढे गेला. मग तिने "सोन्या" म्हणून हाक मारली तेव्हा झटकन वळला. ती माउली मला नंतर म्हणाली, बाई, त्यानं मला वळखलंच नाय. मला तेव्हा काय उत्तर द्यावं कळलं नाही. आज कळतंय, की त्याने आईला अकरा वर्षं आवाजाने, हाताने, वासाने ओळखलं होतं, तिचा चेहरा त्याने कधी शिकलाच नव्हता, तर ओळखणार कसा.

तीन आठवड्यांनी तो शाळेत परत आला. जेवणाच्या ताटासमोर बसला आणि हात पुढे करेना. विचारलं काय दिसतंय, तर म्हणाला लखलख दिसतंय बाई. वाटी आणि फुलपात्र समोर ठेवलं, वाटी कुठली सांग म्हटलं. दहा-बारा वेळा विचारलं, निम्म्या वेळा बरोबर, निम्म्या वेळा चूक, म्हणजे अंदाजच की. मग त्याने डोळे घट्ट मिटले, हात फिरवला आणि ओरडला, "बाई, ही वाटी हाय व्हय!" ही मुलं ज्या वाटीत रोज आमटी घेतात तीच वाटी. व्हरांड्यात खांबाची सावली पडली की तो पायरी समजून पाय उचलायचा. भिंतीपाशी शेळी बसलेली असली तर त्याला दिसायची नाही, उठून चालायला लागली की लगेच म्हणायचा काहीतरी आहे तिथं. आणि एकदा मी त्याच्यासमोर कैरी धरली, मीठ-तिखट लावून, बाकीच्या मुलांच्या तोंडाला नुसत्या वासाने पाणी सुटलेलं, त्याला त्या दिवशी जबरदस्त सर्दी होती आणि तो शांतपणे म्हणाला, हिरवं हाय कायतरी. हातात दिली तेव्हा मात्र आवंढा गिळला.

हॉस्पिटलमध्ये पुन्हा दाखवायला नेलं तर तिथे तक्त्यावरची अक्षरं दाखवली, नंबर बरोबर आहे म्हणाले, दिसतंय ना, मग झालं. अक्षरं! त्याला डोळ्यांनी 'क' कसा असतो ते कोणी शिकवलं होतं? शेवटी वडील म्हणाले ऑपरेशन फेल गेलं. घरी नातेवाईक म्हणायला लागले की हा सोंग करतोय. अकरा वर्षांचं पोर, रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडायचं, आणि त्याला दिवसा डोळे मिटून चालायला बरं वाटायचं.

मी बी.ए.ला तत्त्वज्ञान घेतलं होतं, मार्क बेताचे, पण एक प्रश्न डोक्यात राहिला होता तो त्या दिवसांत परत वर आला. डब्लिनच्या विल्यम मॉलिनो नावाच्या गृहस्थांनी १६८८ साली लॉकला विचारलेला प्रश्न. त्यांची स्वतःची बायको लग्नानंतर थोड्याच दिवसांत अंध झाली होती, त्यामुळे हा प्रश्न त्यांच्यासाठी कागदावरचा नसावा असं मला नेहमी वाटतं. प्रश्न असा, की एक जन्मांध माणूस आहे, त्याला धातूचा घन आणि धातूचा गोल हाताने बरोबर ओळखता येतात. उद्या त्याला दिसायला लागलं आणि दोन्ही वस्तू टेबलावर ठेवल्या तर हात न लावता, नुसतं बघून, गोल कुठला ते तो सांगेल का? पहिल्या पत्राला लॉककडून काही आलं नाही, काही वर्षांनी मॉलिनोंनी परत विचारलं, मग लॉकने आपल्या पुस्तकाच्या १६९४ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो छापला. दोघांचंही उत्तर, नाही सांगता येणार, कारण हाताला टोचणारा कोपरा डोळ्याला कसा दिसतो हे अनुभवाने शिकावं लागतं. बर्कले या तत्त्वज्ञानेही १७०९ मध्ये हेच म्हटलं, आणखी जोर देऊन. लाइबनिझ म्हणाला नाही, सांगता येईल, त्याला फक्त आधी सांगा की समोर एक घन आहे आणि एक गोल आहे, मग तो विचार करेल की गोलाला कुठेच टोक नाही आणि घनाला आठ कोपरे आहेत, आकाराचं गणित हाताला आणि डोळ्याला एकच आहे. तुमच्या लेखात लॉक आणि लाइबनिझ समोरासमोर उभे केलेत, मन कोरी पाटी आहे की नाही वगैरे, पण ज्या प्रश्नावर त्यांचं भांडण खरोखर तपासून बघता येतं तो प्रश्नच राहून गेलाय याचं मला वाईट वाटलं.

आणि तपासलं गेलंही. १७२८ मध्ये लंडनच्या चेसेल्डन नावाच्या सर्जनने तेरा-चौदा वर्षांच्या एका मुलाच्या मोतीबिंदूचा वृत्तांत छापला. त्या मुलाला आधी वाटायचं सगळ्या वस्तू डोळ्याला चिकटल्यात. मांजर कुठलं आणि कुत्रं कुठलं हे तो सारखं विसरायचा आणि विचारायची लाज वाटायची, म्हणून एक दिवस त्याने मांजर पकडलं, हाताने नीट चाचपलं, मग तिच्याकडे टक लावून बघितलं आणि म्हणाला आता पुढच्या वेळी मी तुला ओळखीन. हे मी वाचलं तेव्हा मला आमच्या वाटीचीच आठवण आली, जवळजवळ तीनशे वर्षांचं अंतर आणि मुलाची युक्ती तीच.

पण मला सगळ्यात जास्त आश्चर्य वाटलं ते आपल्याकडचं सापडल्यावर. न्यायसूत्रं म्हणजे न्याय या आपल्या जुन्या दर्शनाचा मूळ ग्रंथ, त्याच्या तिसऱ्या अध्यायाचं पहिलंच सूत्र आहे: दर्शनस्पर्शनाभ्यामेकार्थग्रहणात्. डोळ्यांनी आणि स्पर्शाने एकच वस्तू कळते, म्हणून. कशाचं 'म्हणून', तर म्हणून इंद्रियांहून वेगळा कुणीतरी जाणणारा आहे. 'जे मी डोळ्यांनी पाहिलं तेच आता हाताने स्पर्शतोय' हे डोळा म्हणू शकत नाही आणि कातडीही म्हणू शकत नाही, दोघांचं जोडणारा तिसरा लागतो, तो आत्मा असं नैयायिक, म्हणजे न्याय दर्शनाचे लोक, म्हणतात. आकारमान, संख्या या गोष्टी त्यांनी दोन्ही इंद्रियांनी कळणाऱ्या मानल्या, रंग मात्र एकट्या डोळ्याचा. बौद्धांना हे मान्य नव्हतं. त्यांचा आचार्य दिङ्नाग म्हणतो प्रत्यक्ष म्हणजे कल्पना बाजूला ठेवून उरतं ते, प्रत्येक इंद्रियाचा विषय वेगळा, डोळ्याला रूप आणि त्वचेला स्पर्श, 'वाटी' ही नंतर मनाने बांधलेली मोळी. शतकानुशतकं हा वाद चालला आणि मला वाटतं त्या वादातला प्रत्येक जण आमच्या व्हरांड्यात येऊन त्या मुलासमोर बसला असता तर खूश झाला असता.

त्याच अध्यायात पुढे आंबट फळाचा मुद्दाही आहे! आंबट फळ नुसतं बघून तोंडाला पाणी सुटतं, म्हणजे डोळ्याचं कळणं जिभेपर्यंत पोचवणारी आठवण कुणाला तरी आहे, एकट्या इंद्रियाला ती असणार नाही. आमच्या मुलाला कैरी दिसली आणि पाणी सुटलं नाही, कारण कैरीचं दिसणं आणि कैरीची चव यांची त्याच्याकडे एकत्र आठवणच नव्हती. इथे मला नैयायिकांचं निरीक्षण पटतं, आत्म्याचं अनुमान पटो न पटो. आणि मीमांसा दर्शनाच्या कुमारिलभट्टांनी पहिल्या क्षणाच्या कोऱ्या बघण्याला, निर्विकल्पक म्हणतात ते, लहान बाळाच्या किंवा मुक्याच्या जाणिवेची उपमा दिलीये, नुसतं काहीतरी आहे, अजून नाव नाही. "हिरवं हाय कायतरी." दुसरं काय म्हणायचं याला?

आता २०११ चं सांगते. पवन सिन्हा नावाचे अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे शास्त्रज्ञ आहेत, त्यांनी भारतात प्रोजेक्ट प्रकाश सुरू केला, जन्मापासून मोतीबिंदू असलेली गरीब घरची मुलं शोधायची, दिल्लीत ऑपरेशन करायचं आणि मग ती बघायला कशी शिकतात याचा अभ्यास करायचा. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ८ ते १७ वर्षांच्या पाच मुलांवर मॉलिनोंचा प्रश्न चक्क करून बघितला, ऑपरेशननंतर ४८ तासांच्या आत. मोठे मोठे खेळण्यातले ठोकळे, जोड्या जोड्यांनी. हाताने धरलेला ठोकळा परत हाताने ओळखा: शंभरात ९८ बरोबर. डोळ्याने बघितलेला परत डोळ्याने ओळखा: ९२. म्हणजे दिसत नव्हतं असं नाही, दिसत होतं. पण हाताने धरलेला डोळ्याने ओळखा: ५८, नुसता नाणं उडवून अंदाज केला तरी ५० येतात. लॉक आणि मॉलिनो बरोबर ठरले म्हणायचे. पण थांबा, आठवडाभरात त्याच मुलांपैकी काहींची परत चाचणी घेतली तर आकडा ८० च्या वर गेला होता, आणि मधल्या काळात कुणी ट्रेनिंग दिलं नव्हतं, मुलं आपली घरात वावरत होती, वस्तू हाताळत होती, बघत होती. एवढ्या झपाट्याने जोड लागतो म्हणजे आत काहीतरी तयारी आधीपासून असणार, नाही का? २०१५ मध्ये याच गटाने दाखवलं की नुकतं दिसू लागलेल्या मुलांना दृष्टिभ्रमही लगेच होतात, त्या दोन सारख्या रेघा बाणांच्या टोकांमुळे लहानमोठ्या दिसतात ना, तो भ्रम पहिल्याच दिवसांत, अनुभव नसताना. म्हणजे पाटी पूर्ण कोरीही नाही. काही तत्त्वज्ञांनी तर मूळ प्रयोगावरच आक्षेप घेतला की मुलांना वस्तूभोवती फिरू दिलं असतं तर कदाचित ओळखलं असतं, आणि हा आक्षेप मला तरी एकदम आपला वाटला, हत्तीभोवती फिरू द्या म्हणतेय तेच हे!

प्रकाशच्या अभ्यासातलं अजून एक मला फार उपयोगी पडलं. या मुलांना स्थिर चित्रात एका वस्तूचे पाच तुकडे दिसतात, सावली वेगळी वस्तू, पट्टा वेगळी वस्तू, आणि वस्तू हलली की तुकडे एकत्र येतात. शेळीचं कोडं सुटलं. मग मी आमच्या मुलाबरोबर माझ्या पद्धतीने सुरू केलं. आधी डोळे मिटून हातात वाटी, मग डोळे उघडून हातातच, मग हळूहळू फिरवत, मग टेबलावर, मग टेबलावर पण माझ्या हाताने ढकलत. रोज अर्धा तास, शाळा सुटल्यावर. जोंधळ्याचे दाणे आणि हरभरे, किल्ली, चप्पल, कंगवा, कैरीचा सीझन संपला म्हणून चिंच. अक्षरं सगळ्यात शेवटी, आणि तीही पुठ्ठ्याची कापलेली, हाताला लागणारी. दिवाळीच्या सुट्टीत आई न्यायला आली तेव्हा त्याने तिला गेटपासून ओळखलं, चेहऱ्याने नाही, चालण्याने. ती एका पायावर जरा भार देऊन चालते. आईला तर हे माहीतच नव्हतं की ती तशी चालते.

त्याची नजर आजही अधूच आहे, बुबुळं स्थिर राहत नाहीत, मोठा ठसा लागतो. मांजराच्या पिल्लांचा एक डोळा लहानपणी बंद ठेवला तर तो पुढे नीट उपयोगी होत नाही हे ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी दाखवलं, त्याबद्दल त्यांना १९८१ मध्ये नोबेल मिळालं, आणि त्यावरून बरीच वर्षं असं धरून चालले की मोठ्या मुलांचं ऑपरेशन करून फायदा नाही. पूर्ण नाही पण पुष्कळ फायदा होतो हे या मुलांनी दाखवलंय. मात्र फायदा होतो तो नुसत्या लेन्सने नाही, नंतर शिकवल्यावर, आणि तेच कुणी करत नाही, कारण सगळ्यांच्या डोक्यात बसलंय की डोळा उघडला की जग कळलं. तुमच्या लेखातलं ते एक वाक्य म्हणून मला टोचलं. ते वाक्य खरं मानणाऱ्या बापाला आपला मुलगा सोंगाड्या वाटतो.

आपल्या भाषेतही हे मुरलेलं आहे, चाचपडणं म्हणजे न कळणं, डोळस म्हणजे शहाणा, तत्त्वज्ञानालाच दर्शन म्हणतो. पण ग्रहण करणं हा शब्दही आपलाच आहे, त्याचा मूळ अर्थ हाताने धरणं, आणि न्यायसूत्रातही शब्द ग्रहणच आहे.

पुढच्या पुरवणीत अर्धा कॉलम जागा देता आली तर एवढं जरूर छापा. तान्ह्या बाळाच्या डोळ्याच्या बाहुलीत पांढरं दिसलं, किंवा फ्लॅश मारून काढलेल्या फोटोत एका डोळ्यात लाल ऐवजी पांढरी चमक आली, तर बाळ मोठं होण्याची वाट न बघता त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्या. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन पहिल्या काही आठवड्यांत झालेलं सगळ्यात चांगलं, आणि ती चमक डोळ्यातल्या गाठीचीही असू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत आणि शाळेत जी तपासणी होते त्यात जन्मजात मोतीबिंदू आहे, मूल मोठं झालं असलं तरी दाखवा. गरोदरपणात रुबेला झाला तर बाळाला हा मोतीबिंदू होऊ शकतो, आणि आजची मुलगीच उद्याची आई, म्हणून मुलांची ९ महिन्यांची आणि दीड वर्षाच्या सुमाराची एमआर, म्हणजे गोवर-रुबेलाची, लस चुकवू नका. आणि ज्यांच्या घरी उशिरा ऑपरेशन झालेलं मूल आहे त्यांनी पहिले सहा महिने त्याला काय दिसतंय असं विचारू नये, वस्तू त्याच्या हातात द्यावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
सातारा जिल्हा